महामार्ग आणि पाणंद : मोटारीच्या टायरांची निवड

पुणें-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी मागें टाकून सोलापूरच्या दिशेनें निघालें, कीं मोहोळच्या अलीकडे मोडनिंब लागतें. माढा तालुक्यांतील हें गांव महामार्गाला अगदीं लागून आहे. चारपदरी डांबरी सडकेवरून भरधांव आलेली मोटार येथें वळण घेऊन गांवांत शिरते, गांवाबाहेर मुरुमाच्या रस्त्याला लागते, आणि तेथून एखाद्या पाणंदीनें शेतांतल्या वस्तीकडे जाते. एवढ्या थोड्या वेळांत तिच्या चाकांखालची जमीन तीन वेळां बदललेली असते. मोटार तीच, हांकणारा तोच आणि चाकेंहि तींच; परंतु पहिल्या रस्त्यावर टायराच्या ज्या गुणाचें कौतुक करावें, तोच गुण शेवटच्या एक-दोन किलोमीटरांत दोष ठरतो.

नोकरीधंद्यानिमित्त शहरांत राहणारीं आणि गांवीं वडिलार्जित शेत असणारीं कुटुंबें आज पुष्कळ आहेत. अशा कुटुंबांतील एखादा गृहस्थ जुने टायर झिजले म्हणून दुकानांत जातो, तेव्हां दुकानदार त्याला विचारतो, "कोणते बसवूं?" या प्रश्नाचें उत्तर बहुधा दोन गोष्टींवरून दिलें जातें : एक किंमत, आणि दुसरी शोभा. खोल खांचांचा राकट टायर मोटारीला रुबाब आणतो, आणि खेडेगांवीं जावयाचें आहे एवढें निमित्त त्याला पुरतें. वास्तविक हें उत्तर स्वतःच्या वाटेचा हिशेब मांडून द्यावयाचें असतें, आणि तो हिशेब चुकला तर त्याची किंमत पैशांहून मोठी असूं शकते.

टायराचें काम समजण्यासाठीं आधीं बैलगाडीच्या चाकाकडे पाहावें. लांकडी चाकाच्या परिघावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवितो तिला धांव म्हणतात. ही धांव अरुंद आणि कठीण असल्यामुळें गाडीचा सारा भार जमिनीवर दोन बारीक रेघांत उतरतो. ओल्या मातींत ती रुतते, आणि गाडीमागून गाडी गेली कीं चाकोरी पडते. हवेच्या टायरानें हा भार पसरून टाकला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसननें १८४५ सालीं अशा चाकाचें पेटंट घेतलें होतें, पण त्याचा प्रसार झाला नाहीं. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें तीच कल्पना पुन्हां शोधून काढली आणि ती सायकलीवरून मोटारीवर गेली. पुढें ती बैलगाडीपर्यंतहि आली. साखर कारखान्यांच्या हंगामांत ऊंस वाहणारी टायरगाडी हें सोलापूर जिल्ह्यांतील नेहमींचें दृश्य आहे.

भार पसरून देण्याचें हेंच तत्त्व मोडनिंबाच्या रेल्वेनेंहि एके काळीं वापरलें होतें. १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचा इंजिनियर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यानें असा नियम ठेवला होता, कीं कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं. भार पुष्कळ चाकांवर वांटला गेल्यामुळें अडीच फुटी मार्गाला हलके रूळ पुरले. १९०६ सालीं ही लाइन कुर्डुवाडीहून मोडनिंबावरून पंढरपुरास पोंचली. पुढें तो मार्ग रुंदमापी झाला. जमीन वा रूळ किती भार सोशील याचा विचार चाकानें करावयाचा असतो, हा त्या लहानशा गाडीचा धडा मोटारीलाहि लागू आहे.

मोटारीच्या बाबतींत हा हिशेब कागदावर करतां येतो. माणसें व सामान धरून मोटारीचें वजन दोन हजार किलो असलें, तर प्रत्येक चाकावर सुमारें पांचशें किलो भार येतो. टायरांत तीस पौंड हवा असली, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २.१ किलो दाब असला, तर तो भार तोलण्यासाठीं सुमारें २४० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावें लागतें; म्हणजे हाताच्या पसरलेल्या पंजाहून थोडें अधिक. हवा वीस पौंडांवर आणली, तर हा ठसा सुमारें ३५५ चौरस सेंटिमीटरांपर्यंत वाढतो. टायराच्या स्वतःच्या ताठपणामुळें हा हिशेब तंतोतंत जुळत नाहीं. तथापि तत्त्व खरें आहे. वेग, वळण आणि ब्रेक हें सर्व या चार ठशांवर अवलंबून असतें.

आतां या ठशांखालीं काय काय येतें तें पाहावें. पहिली जमीन महामार्गाची. येथें शत्रु दोन, उष्णता आणि पाणी. सोलापूरच्या उन्हाळ्यांत हवेचें तापमान चाळीस अंशांच्या वर जातें, आणि सडक त्याहून तापते. त्यांत टायर प्रत्येक फेऱ्यांत दबतो व पुन्हां उसळतो, त्यामुळें तो आंतूनहि तापतो. हवा कमी असली तर तो अधिक दबतो, अधिक तापतो, आणि अखेर त्याचे थर एकमेकांपासून सुटूं लागतात. पावसांत प्रश्न वेगळा होतो. सडकेवरील पाणी टायराच्या नक्षींतील लांब खांचांनीं बाजूला सारलें पाहिजे. तें सारलें गेलें नाहीं, तर रबर आणि सडक यांमध्यें पाण्याचा पातळ पडदा राहतो व मोटार त्यावर तरंगूं लागते. त्या क्षणीं सुकाणूचक्र फिरविलें तरी मोटार वळत नाहीं. वेग जितका अधिक, नक्षी जितकी झिजलेली आणि हवा जितकी कमी, तितकें हें संकट लवकर येतें.

दुसरी जमीन मुरुमाची आणि खडीची. काळ्या पाषाणाच्या खडीला धारदार कडा असतात. मऊ रबराच्या नक्षीचे त्या लहान लहान तुकडे काढतात, आणि टायराची बाजू पातळ असली तर तींत चीर पाडतात. बांधाकडेच्या बाभळीचा व वेड्या बाभळीचा कांटाहि येथेंच भेटतो. नक्षीचा भाग जाड असल्यामुळें तेथील पंक्चर काढतां येतें; बाजू मात्र सतत वांकत असल्यामुळें तेथें लावलेला पॅच भरंवशाचा नसतो, आणि बाजू फाटलेला टायर टाकून द्यावा लागतो.

तिसरी जमीन काळी माती, आणि खरी परीक्षा तीच घेते. या मातींतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व सुकतांना आकसतात; म्हणून उन्हाळ्यांत शेताला भेगा पडतात. कोरडी असतांना ही जमीन इतकी टणक असते, कीं कोणताहि टायर तिच्यावरून जातो. पाऊस पडला कीं तीच माती चाकाला लपेटते, नक्षीच्या खांचा भरून टाकते, आणि टायर लिंपलेल्या गाडग्यासारखा गुळगुळीत होतो. मग नक्षी कोणतीहि असो, चाक मातीवर मातीच घांसत राहतें. सोलापूर जिल्ह्यांत सप्टेंबर हा बहुधा सर्वांत अधिक पावसाचा महिना असतो. म्हणजे महामार्ग आणि पाणंद या दोहोंची परीक्षा एकाच वेळीं येते.

चौथी जमीन ओढ्याची किंवा नदीकांठची वाळू. ती थोडी लागते, पण तिचा स्वभाव चिखलाच्या उलट आहे. वाळूंत खोल खांचांचा टायर जोरानें फिरविला तर तो स्वतःचाच खड्डा खणतो. हवा कमी केलेला साधा टायर मात्र तिच्यावरून सावकाश निघून जातो.

या चार जमिनींसाठीं बाजारांत मुख्यतः तीन जातींचे टायर मिळतात. पहिली जात हायवे टेरेन, म्हणजे एच-टी. हिची नक्षी दाट व खांचा अरुंद असतात. बाजू मऊ असते. डांबरी सडकेवर ती शांत चालते, ओल्या रस्त्यावर लवकर थांबते, आणि इंधन कमी खाते. चिखलांत तिच्या खांचा पहिल्या कांहीं फेऱ्यांतच भरून जातात. दुसऱ्या टोकाला मड टेरेन, म्हणजे एम-टी. हींत रबराचे मोठाले ठोकळे आणि त्यांमध्यें रुंद मोकळ्या जागा असतात. चाक जोरानें फिरलें कीं या जागांतील चिखल बाहेर फेंकला जातो आणि ठोकळ्यांच्या कडा पुन्हां मातींत घुसतात. ट्रॅक्टरच्या मागील चाकावरील तिरकस दांड्यांचें तत्त्व हेंच आहे. परंतु मोकळी जागा अधिक म्हणजे जमिनीला टेकणारें रबर कमी. म्हणून ओल्या डांबरी सडकेवर एम-टी टायराची मोटार थांबावयास अधिक अंतर घेते. शिवाय उंच ठोकळे वळणावर डोलतात, गुणगुणाट करतात आणि सडकेवर लवकर झिजतात. या दोहोंमध्यें ऑल टेरेन, म्हणजे ए-टी. हिचे ठोकळे मध्यम, खांचा कांहींशा रुंद, आणि पुष्कळ टायरांत बाजू अधिक थरांची असते. मुरूम, खडी व कांटे यांना ती चांगली तोंड देते. सडकेवर ती एच-टीइतकी उत्तम नसते, आणि ओल्या काळ्या मातींत एम-टीइतकी निभावत नाहीं. कांहीं टायरांवर 'एम' आणि 'एस' हीं अक्षरें असतात. त्यांचा अर्थ चिखल व बर्फ असा असला, तरी तो नक्षीच्या ठेवणीपुरता असतो. काळ्या मातींतून टायर सुखरूप बाहेर काढील अशी हमी त्यांत नाहीं.

आतां हिशेब. समजा, पुण्यांतील एक गृहस्थ महिन्यांतून दोनदां मोडनिंबाजवळच्या आपल्या शेतावर जातो. एका बाजूचें अंतर पावणेदोनशें ते दोनशें किलोमीटर धरलें, तर महिन्याला सातशें ते आठशें किलोमीटर महामार्ग होतो. पाणंद तीन किलोमीटरांची असली, तर तिच्यावर त्याचे महिन्याला बाराच किलोमीटर पडतात. म्हणजे शंभरांत दोनहि नाहींत. त्यांतूनहि पाणंद खरोखर ओली असते ती वर्षांतून थोड्याच खेपांना. या थोड्या खेपांसाठीं त्यानें एम-टी टायर बसविले, तर वर्षभराच्या हजारों किलोमीटरांवर तो आपल्या कुटुंबाचा ब्रेक कमजोर करून घेतो. पावसांत ऐंशींच्या वेगानें जातांना पुढचा ट्रक एकाएकीं थांबला, तर जे कांहीं मीटर कमी पडतील ते पाणंदींत वांचलेल्या त्रासानें भरून निघत नाहींत. चारी चाकांना इंजिनाची ओढ देणारी मोटार असली तरी हा नियम बदलत नाहीं. ती मोटार निघतांना अधिक बळ लावते, थांबतांना मात्र तिलाहि त्याच चार ठशांवर विसंबावें लागतें.

याच पाणंदीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब निराळा आहे. वस्तीवरील मोटार रोज दूध, भाजी आणि शाळेंत जाणारीं मुलें घेऊन निघते. सप्टेंबरच्या एखाद्या रात्रीं घरांतील म्हाताऱ्या माणसाच्या छातींत दुखूं लागलें, किंवा बाळंतपणाची वेळ अवेळीं आली, तर दवाखाना आणि वस्ती यांमध्यें हीच तीन किलोमीटर काळी माती असते. महामार्गावर अर्धा तास वांचविणारी चारपदरी सडक त्या तीन किलोमीटरांपुढें निरुपयोगी ठरते. अशा घरानें किलोमीटर मोजून भागत नाहीं. सर्वांत वाईट किलोमीटर कोणता, तें पाहावें लागतें. त्यानें राकट ए-टी, किंवा पाणंद फारच वाईट असल्यास एम-टी टायर घेतले तर तो रुबाब नव्हे, गरज आहे. मात्र त्याच टायरांवर महामार्गाला लागल्यावर वेग उतरविणें आणि पुढील वाहनापासून दुप्पट अंतर ठेवणें ही त्या निवडीची किंमत आहे, आणि ती दर पावसाळ्यांत द्यावी लागते.

पुण्याच्या गृहस्थाला मात्र टायराहून स्वस्त उपाय उपलब्ध आहे. शेतकरी पाऊस पडतांच औत धरीत नाहीं. जमिनीला वापसा येईपर्यंत थांबतो. मोटारीनेंहि तेंच करावें. पाणंद भिजलेली असली तर मोटार मुरुमाच्या टोकाशीं ठेवून पायीं जाणें, किंवा एक दिवस थांबणें, हें कमीपणाचें नाहीं. ओल्या पाणंदींत मोटार रेटली तर ती खोल चाकोऱ्या पाडते, त्यांत पाणी सांठतें, आणि मग वस्तीवरच्या लोकांना तोच रस्ता पुढें कित्येक दिवस अधिक वाईट होऊन मिळतो. अडकलेली मोटार ओढून काढावयास अखेर त्यांचाच ट्रॅक्टर बोलवावा लागतो. एच-टी किंवा सौम्य ए-टी टायर आणि थोडा धीर, एवढें या गृहस्थाला बहुतेक वर्षभर पुरतें.

जात ठरली म्हणजे टायराच्या बाजूवरील अक्षरें वाचावयास शिकावें. उदाहरणार्थ, '२१५/७५ आर १५' असें लिहिलेलें असलें तर टायराची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ७५, आणि रिमचा व्यास १५ इंच. 'आर' म्हणजे रेडियल. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं पेटंट घेतलेल्या या बांधणींत आंतील दोरे एका कडेकडून दुसरीकडे सरळ आडवे जातात, म्हणून बाजू लवचीक राहते आणि टायर कमी तापतो. पुढें येणारा आंकडा भाराचा असतो; १०० म्हणजे एका टायरावर ८०० किलो, आणि १०४ म्हणजे ९०० किलो. त्यापुढील अक्षर वेगाची मर्यादा सांगतें. 'क्यू' असलें तर ताशीं १६० किलोमीटर, 'एस' असलें तर १८०. मूळ टायराहून भाराचा आंकडा कमी असलेला टायर कधींहि घेऊं नये.

अधिक मोठा टायर बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो. २१५ च्या जागीं २३५/७५ आर १५ बसविला तर टायराचा व्यास सुमारें ७०४ मिलिमीटरांवरून ७३४ मिलिमीटरांवर जातो, म्हणजे शेंकडा चारांहून थोडा अधिक वाढतो. मग वेगाचा कांटा ऐंशी दाखवितो तेव्हां मोटार प्रत्यक्षांत त्र्याऐंशींच्या पुढें असते. इंजिन व ब्रेक यांवर ताण वाढतो, आणि चाक वळवितांना टायर चाकावरील पत्र्याला घांसण्याचा संभव असतो. निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ लाहि मान्य नाहीं. म्हणून माप निर्मात्यानें सांगितलेलेंच ठेवावें, आणि चारी टायर एकाच मापाचे व एकाच जातीचे असावेत. चारी चाकांना ओढ असलेल्या मोटारींत तर दोन टायर नवे व दोन झिजलेले असले, कीं परिघांतील फरकामुळें आंतील दांतेचक्रांवर विनाकारण ताण येतो. स्टेपनीहि याच मापाची असावी; बाभळीचा कांटा वेळ पाहून लागत नाहीं.

टायराचें वय पाहावयास विसरूं नये. बाजूवर चार आंकड्यांचा एक शिक्का असतो. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. शहरांत आठवडाभर उभी राहणारी आणि महिन्यांतून दोनदांच लांब जाणारी मोटार टायर झिजवीत नाहीं, पण काळ रबराला कठीण करीतच असतो. नक्षी खोल दिसते म्हणून असा टायर नवा समजला जातो, आणि फसवणूक होते ती येथें. पांच वर्षांनंतर दर वर्षीं टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर तो कितीहि चांगला दिसला तरी वापरूं नये, असा सल्ला कांहीं निर्माते देतात. झिजेची मर्यादा नियमानेंच ठरलेली आहे. मोटारीच्या टायराची नक्षी १.६ मिलिमीटरांहून कमी राहतां कामा नये, आणि ती मर्यादा दाखविणारे लहान उंचवटे खांचांमध्येंच ठेवलेले असतात. पावसाळ्यापूर्वीं मात्र या शेवटच्या रेषेपर्यंत थांबूं नये, कारण पाणी बाहेर सारण्याची शक्ति त्याच्या पुष्कळ आधींच घटलेली असते.

राहतां राहिली हवा. हें साधन फुकट आहे, आणि त्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. किती पौंड हवा भरावयाची तें बहुतेक मोटारींत दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें. ती सकाळीं, टायर गार असतांना मोजावी. उन्हांत चालल्यावर दाब कांहीं पौंड वाढलेला दिसेल. तो पाहून हवा काढूं नये, कारण टायर गार झाला कीं ती कमी पडते. पाणंदींत किंवा वाळूंत शिरण्यापूर्वीं तीस पौंडांवरून वीसपर्यंत हवा उतरविली तर ठसा पसरतो आणि साधा टायरहि पुष्कळ काम करतो. फार खालीं मात्र जाऊं नये. पंधरा पौंडांच्या खालीं वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका वाढतो, आणि सैल बाजूला खडी व कांटे लवकर लागतात. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ ठेवावा, आणि महामार्गाला लागण्यापूर्वीं उतरविलेली हवा पुन्हां भरून घ्यावी. वीस पौंडांच्या हवेनें सोलापूरच्या उन्हांत भरधांव जाणें म्हणजे टायर आपल्या हातांनीं फोडणें होय.

पाणंदीचा प्रश्न टायरानें सुटत नाहीं, तो रस्त्यानेंच सुटावयाचा आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं शेतरस्ते व पाणंद रस्ते यांसाठीं मातोश्रींच्या नांवानें योजना जाहीर केली, ती याच गरजेंतून. पाणंदीवर खडी-मुरूम पडला, तर वस्तीवरील घराला राकट टायराची गरज उरणार नाहीं आणि तेंहि महामार्गावर अधिक सुरक्षित होईल. तोंपर्यंत दोन्ही वाटा चालणाऱ्यानें टायर घेतांना आपली वाट आठवावी : वर्षांतले किलोमीटर कोठें जातात, त्यांतला सर्वांत कठीण किलोमीटर कोणता, आणि त्या किलोमीटरावर थांबतां येतें कीं थांबतां येत नाहीं. ज्याला थांबतां येतें, त्यानें महामार्गासाठीं टायर घ्यावा. ज्याला थांबतां येत नाहीं, त्यानें पाणंदीसाठीं घ्यावा आणि महामार्गावर सावकाश जावें.